विश्लेषण : राजदूत घडतो कसा? के. पी. एस. मेनन यांची कारकीर्द काय सांगते?

भारतीय परराष्ट्र सेवेचा दिवस दरवर्षी ९ ऑक्टोबरला साजरा होतो. १९४६ मध्ये याच दिवशी स्वतंत्र परराष्ट्र सेवा उभारण्याचा निर्णय झाला. स्वातंत्र्य अजून दहा महिने दूर होते. देशाला राजदूत लागणार होते, पण राजदूत घडवणारी शाळा नव्हती, जुनी परंपरा नव्हती आणि हाताशी अनुभवी माणसेही मोजकीच होती. त्या मोजक्यांपैकी एक कुमार पद्मनाभ शिवशंकर मेनन, म्हणजेच के. पी. एस. मेनन. स्वतंत्र भारताचे ते पहिले परराष्ट्र सचिव. आपल्या आयुष्यात त्यांनी साम्राज्याचा नोकर, नव्या राष्ट्राचा प्रतिनिधी, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा अध्यक्ष आणि महासत्तेच्या राजधानीतील राजदूत अशा चार वेगवेगळ्या भूमिका केल्या. राजनय या व्यवसायाचे रूप विसाव्या शतकात किती बदलले आणि त्यासाठी माणसे तयार कशी झाली, हे त्यांच्या कारकीर्दीतून नेमके दिसते. त्यातला एक प्रसंग तर चुकीचा आहे आणि तोच कदाचित सर्वांत जास्त शिकवणारा आहे.

मेनन कोण होते?

त्यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८९८ चा, त्रावणकोर संस्थानातील कोट्टायमचा. वडील वकील. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये शिक्षण घेऊन ते ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात इतिहास शिकायला गेले. पुढे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आणि पंतप्रधान झालेले अँथनी ईडन हे तिथले त्यांचे समकालीन. ऑक्सफर्डमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या ‘मजलिस’ या वादसभेचे मेनन अध्यक्ष होते. इंडियन सिव्हिल सर्व्हिस अर्थात आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १९२२ मध्ये सेवेत रुजू झाले.

त्यांचे सासरे सर सी. शंकरन नायर यांचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १८९७ मध्ये अमरावतीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले आणि जालियनवाला बागेनंतरच्या दडपशाहीच्या निषेधार्थ १९१९ मध्ये त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. म्हणजे घरात एकीकडे सरकारी चाकरीची प्रतिष्ठा आणि दुसरीकडे ती सोडून देण्याचे उदाहरण, असे दोन्ही होते. मेनन यांनी चाकरी सोडली नाही. पण परक्या सरकारच्या वतीने बोलताना आपल्या माणसांचे हित कुठवर सांभाळता येते, हा प्रश्न त्यांच्या कारकीर्दीची पहिली पंचवीस वर्षे त्यांच्यासोबत राहिला.

ब्रिटिश काळात राजनयाचे शिक्षण कसे मिळे?

युरोपात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पॅरिसमध्ये १७१२ साली तरुण राजनयिकांसाठी अकादमी काढण्याचा प्रयोग झाला होता. व्हिएन्नात मारिया थेरेसा यांनी १७५४ मध्ये पूर्वेकडील भाषा शिकवणारी अकादमी सुरू केली, आजची व्हिएन्नाची राजनय अकादमी हा तिचाच वारसा. भारतातही दरबारी वकिलांची पद्धत होती. पेशवाईत मराठ्यांचे वकील दिल्लीपासून हैदराबादपर्यंत ठाण मांडून असत आणि त्यांची बातमीपत्रे पुण्याला पोहोचत. इंग्रजी अंमल पक्का झाल्यावर मात्र हिंदी संस्थानांचा आपापसांतला आणि बाहेरच्या जगाशी असलेला राजकीय व्यवहार बंद झाला. उरला तो इंग्रजांचा पोलिटिकल विभाग.

या विभागात मुख्यतः ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि आयसीएसमधून निवडलेले लोक असत. संस्थानांमधील रेसिडेन्सी, वायव्य सरहद्द आणि आखातातील ठाणी हे त्यांचे कार्यक्षेत्र. भारतीयांना तिथे फार थोडा प्रवेश होता. मद्रास इलाख्यात सब-कलेक्टर म्हणून काम केल्यावर मेनन या विभागात गेले. हैदराबादच्या रेसिडेन्सीत आणि सरहद्दीवर त्यांनी नोकरी केली. तिथे राजनय वर्गात बसून शिकवला जात नसे. निजामाच्या दरबारातील मानापमान, टोळीप्रमुखांच्या जिरग्यातील बोलणी, वरिष्ठांना पाठवायचा अहवाल, त्यात काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे सगळे कामातूनच अंगवळणी पडे.

या शिक्षणाला एक मोठी मर्यादा होती. ते हुकूम चालवणाऱ्या सत्तेचे शिक्षण होते. समोरच्याला पटवावे लागते ते दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात तेव्हा. रेसिडेंटला संस्थानिकाला पटवण्याची गरज सहसा पडत नसे. बरोबरीचा राजनय मेनन यांना पुढे स्वतःच शिकावा लागला.

श्रीलंका आणि झांझिबारमधील कामाने काय दिले?

१९२९ मध्ये मेनन भारत सरकारचे एजंट म्हणून तेव्हाच्या सिलोनमध्ये गेले. कामाचे ठिकाण कँडी. चहाच्या मळ्यांवर राबणारे लाखो तमिळ मजूर हा त्यांच्या कामाचा विषय होता. मजुरी किती, ती वेळेवर मिळते का, मळ्यावरच्या चाळींची अवस्था काय, मुलांना शाळा आहे का, हे एजंटने पाहायचे आणि दिल्लीला कळवायचे. नेमके याच वर्षांत जागतिक मंदी आली, चहा-रबराचे भाव कोसळले आणि १९३१ मध्ये सिलोनला नवी राज्यघटना मिळाली. सार्वत्रिक मताधिकार आला, पण मळ्यांवरच्या भारतीयांना तो कितपत द्यायचा, यावर वाद पेटला.

हा वाद नंतर कित्येक दशके चालला. १९४८ मध्ये स्वतंत्र सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यांवरचे लाखो लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. त्या वेळी मेनन दिल्लीत परराष्ट्र सचिव होते. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यातील सव्वापाच लाख लोकांना भारताने आणि तीन लाखांना सिलोनने स्वीकारायचे ठरले. मेनन यांच्यानंतर काही वर्षांनी, १९४३ ते १९४७ या काळात, सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. त्यांच्यासमोरही प्रश्न तोच होता.

१९३४ मध्ये मेनन यांना झांझिबारला धाडण्यात आले. लवंगेच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटावर तेथील सरकारने काही फर्माने काढली होती. व्यापाराचे अधिकार लवंग उत्पादक संघाकडे एकवटायचे आणि अरब-आफ्रिकी मालकांच्या जमिनी भारतीय सावकारांकडे जाऊ द्यायच्या नाहीत, असा त्यांचा आशय. वरवर पाहता शेतकऱ्याला वाचवणारा कायदा. मेनन यांनी बेटावर हिशेब पाहिले, व्यापाऱ्यांशी बोलले आणि या फर्मानांमुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे भारतीय व्यापारी उखडले जातील, असा स्पष्ट अहवाल दिला. म्हणजे ब्रिटिशांच्याच एका सरकारच्या अधिकाऱ्याने ब्रिटिशांच्याच दुसऱ्या सरकारच्या कायद्यावर बोट ठेवले. पुढे १९३७ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने भारतात झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पडला. भारत हा लवंगेचा मोठा गिऱ्हाईक होता. अखेर १९३८ मध्ये तडजोड झाली.

राजनय म्हणजे मेजवान्या आणि करारपत्रे ही समजूत या दोन नेमणुकांसमोर टिकत नाही. मळ्यावरची हजेरी आणि लवंगेच्या गोणीचा भाव समजून घेणे, हाच तिथला राजनय होता. आज परराष्ट्र सेवेतील अधिकारी आखाती देशांतील भारतीय कामगारांचे अडकलेले पगार आणि पासपोर्ट यांचा पाठपुरावा करतात, तेव्हा ते कँडीच्या एजंटचेच काम पुढे नेत असतात.

चीनला जाताना पामीरची वाट का धरावी लागली?

दुसऱ्या महायुद्धात भारताला परदेशांत स्वतःचे प्रतिनिधी नेमण्याची थोडी मुभा मिळाली. वॉशिंग्टनला गिरिजाशंकर बाजपेयी एजंट-जनरल झाले. ऑस्ट्रेलियात रँग्लर र. पु. परांजपे १९४४ मध्ये पहिले भारतीय उच्चायुक्त झाले. भरतपूर संस्थानचे दिवाण असलेले मेनन १९४३ मध्ये चीनसाठी एजंट-जनरल नेमले गेले. जपानने चीनचा पूर्व भाग व्यापला होता आणि चँग कै-शेक यांचे सरकार चुंगकिंगला होते. ब्रह्मदेशातून जाणारा रस्ता जपान्यांच्या हाती गेला होता.

१९४४ मध्ये मेनन यांनी चुंगकिंगला जाण्यासाठी जमिनीवरची वाट धरली. काश्मीर, गिलगिट, हुंझा, मग पामीरच्या खिंडी ओलांडून काश्गर आणि तिथून उरुमची. पायी, घोड्यावर, मिळेल त्या वाहनाने आणि शेवटचा टप्पा विमानाने, असा हा सुमारे चार महिन्यांचा प्रवास. भारत आणि चीन यांच्यात पश्चिमेकडून रसदमार्ग शक्य आहे का आणि सिंक्यांगमध्ये रशियाचा, चीनचा आणि स्थानिक तुर्की लोकांचा मेळ कसा बसतो आहे, हे त्यांना स्वतः पाहता आले. ‘दिल्ली-चुंगकिंग’ या नावाने त्यांनी लिहिलेली प्रवासाची रोजनिशी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली.

ज्या भूभागातून ते गेले, त्याच्याच आसपासच्या सीमांवरून पुढे भारत आणि चीन यांच्यात संघर्ष पेटला. त्या वाटा चाललेले भारतीय राजनयिक तेव्हा बोटावर मोजण्याइतके होते. नकाशावर रेघ ओढणारा आणि ती जमीन पाहिलेला यांच्या बोलण्यात फरक पडतो. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना आज सीमाभागात आणि लष्करी तुकड्यांसोबत काही दिवस पाठवले जाते, त्यामागचे कारण हेच.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असताना मेनन भारतीय शिष्टमंडळाचे सल्लागार होते. १९४७ च्या सुरुवातीला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच, ते चीनमध्ये भारताचे पहिले राजदूत झाले. आता मागे लंडन नव्हते. बोलणी बरोबरीची होती.

कोरियात नेमके काय चुकले?

महायुद्धानंतर जपानच्या तावडीतून सुटलेल्या कोरियाचे ३८ अंश उत्तर अक्षांशावर दोन तुकडे झाले होते. उत्तरेत सोव्हिएत फौजा, दक्षिणेत अमेरिकी. संपूर्ण देशात निवडणुका घेऊन एकच सरकार आणायचे, यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये हंगामी आयोग नेमला. त्याचे अध्यक्षपद मेनन यांच्याकडे आले. जानेवारी १९४८ मध्ये आयोग सोलला पोहोचला. सोव्हिएत संघाने त्याला उत्तरेत पाऊल ठेवू दिले नाही.

आता प्रश्न उरला तो एवढाच, की फक्त दक्षिणेत निवडणूक घ्यावी का? अमेरिकेला ती हवी होती. दक्षिणेतील नेते सिंगमन ऱ्ही यांनाही हवी होती. पण किम कू आणि किम क्यू-सिक यांच्यासारख्या नेत्यांना भीती होती की अशा निवडणुकीने फाळणी कायमची होईल. भारताची फाळणी होऊन सहा महिनेही झाले नव्हते. मेनन यांचा स्वतःचा कलही सुरुवातीला कोरियाच्या एकीकडे होता.

याच आठवड्यांत कोरियन कवयित्री मो युन-सुक यांच्याशी त्यांचा गाढ स्नेह जुळला. त्या ऱ्ही यांच्या कट्टर समर्थक होत्या. फेब्रुवारीत न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस येथे संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी समितीपुढे हा विषय गेला. दक्षिणेत निवडणूक घेण्याच्या बाजूने ३१ मते पडली, विरोधात दोन, तर ११ देश तटस्थ राहिले. विरोध करणारे दोन देश होते कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, दोन्ही अमेरिकेचे मित्र. भारताचे मत निवडणुकीच्या बाजूने पडले. १० मे रोजी निवडणूक झाली, ऑगस्टमध्ये दक्षिणेत आणि सप्टेंबरमध्ये उत्तरेत वेगवेगळी सरकारे आली. दोन वर्षांनी, २५ जून १९५० रोजी युद्ध पेटले.

निवृत्तीनंतर लिहिलेल्या ‘मेनी वर्ल्ड्स’ या आत्मचरित्रात मेनन यांनी हे लपवले नाही. आपल्या सेवेत बुद्धीवर भावनेने मात केल्याचा हा एकमेव प्रसंग होता आणि त्याला त्या कवयित्रीचा स्नेह कारण होता, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. एका माणसाच्या मतामुळे कोरिया दुभंगला असे म्हणता येणार नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ती रेघ आधीच ओढली होती आणि ३१ मतांतून एक वजा केले तरी निकाल तोच लागला असता. पण आयोगाचा अध्यक्ष वेगळे बोलला असता, तर तटस्थ देश कुठे झुकले असते, हा प्रश्न उरतोच.

इथे शिक्षणाचा किंवा अनुभवाचा अभाव नव्हता. ऑक्सफर्ड, सरहद्द, सिलोन, चीन असे सगळे पाठीशी असलेला, पन्नाशीला टेकलेला अधिकारी होता. उणीव होती ती रचनेची. नव्या देशाच्या परराष्ट्र खात्यात कोरिया जाणणारे कोणी नव्हते आणि प्रतिनिधीच्या मताला ताडून पाहणारी दुसरी नजर नव्हती. सगळे एका माणसाच्या विवेकावर सोपवलेले होते. आज दूतावासातून येणारा अहवाल मंत्रालयातील त्या प्रदेशाच्या विभागाकडून तपासला जातो, मतदानाच्या सूचना लेखी येतात. ही पद्धत तरुण अधिकाऱ्यांना जाचक वाटू शकते. ती कशासाठी आहे, हे कोरियावरून कळते.

परराष्ट्र सेवा शून्यातून कशी उभी राहिली?

एप्रिल १९४८ मध्ये मेनन परराष्ट्र सचिव झाले. परराष्ट्र खाते पंतप्रधान नेहरू यांच्याकडेच होते आणि खात्याचे सरचिटणीस होते बाजपेयी. देशोदेशी दूतावास उघडायचे होते. त्यासाठी माणसे तीन वाटांनी आली. आयसीएस आणि पोलिटिकल विभागातील जुने अधिकारी ही पहिली. युद्धकाळात सैन्यात किंवा इतर खात्यांत काम केलेल्यांमधून निवड ही दुसरी. आणि १९४८ पासून स्पर्धा परीक्षेतून थेट भरती ही तिसरी.

शिवाय नेहरूंनी सार्वजनिक जीवनातील व्यक्तींनाही राजदूत केले. मॉस्को आणि वॉशिंग्टनला विजयालक्ष्मी पंडित, मॉस्कोलाच नंतर तत्त्वज्ञ सर्वपल्ली राधाकृष्णन, चीनला मेनन यांच्या जागी इतिहासकार सरदार के. एम. पणिक्कर. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. राजनयाचे औपचारिक शिक्षण त्यांना नव्हते. पाठीशी अनुभव होता तो संस्थानातील सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवण्याच्या औंधच्या प्रयोगाचा. आफ्रिकी नेत्यांशी त्यांचे सूर जुळले ते त्यामुळेच. मेनन आणि पंत ही दोन टोके पाहिली की राजदूत घडण्याची एकच वाट नसते, हे पटते.

थेट भरती झालेल्या पहिल्या काही तुकड्यांना दिल्लीतील प्रशिक्षणानंतर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या विद्यापीठांत पाठवले जाई आणि नेमणुकीच्या देशाची भाषा शिकवली जाई. टीकाही होत होती. नव्या प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी जुन्या साहेबी साच्यात घडवायचे का, हा आक्षेप चुकीचा नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत तर नियमच अन्यायकारक होते. परीक्षा उत्तीर्ण होऊन १९४९ मध्ये सेवेत आलेल्या सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला. लग्न करायचे तर सरकारची लेखी परवानगी हवी आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे सरकारला वाटले तर राजीनामा द्यावा लागेल, असा नियम फक्त स्त्रियांसाठी होता. मुथम्मांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा १९७९ साल उजाडले होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी सेवेतील या भेदभावावर कडक ताशेरे ओढले.

मॉस्कोत राजदूताचे काम कसे बदलले?

१९५२ मध्ये मेनन राजदूत म्हणून मॉस्कोला गेले आणि १९६१ पर्यंत, म्हणजे सलग नऊ वर्षे तिथेच राहिले. आज एखाद्या राजदूताची नेमणूक साधारण तीन वर्षांची असते. १७ फेब्रुवारी १९५३ रोजी त्यांना स्टॅलिनची भेट मिळाली. बोलताना स्टॅलिन लाल पेन्सिलीने कागदावर लांडगे काढत होता, हे मेनन यांनी टिपले. तीन आठवड्यांच्या आत स्टॅलिन मरण पावला. त्याला भेटलेले मेनन हे अखेरचे परदेशी राजदूत ठरले.

बंद दरवाजांच्या मॉस्कोत तेव्हा परदेशी दूताला एवढेच करता येई. कोण कुठे उभा आहे, कुणाचे चित्र भिंतीवरून उतरले, कागदावर लांडगे कशासाठी, यावरून अंदाज बांधायचे. पण मेनन यांच्या डोळ्यांदेखत हे चित्र पालटले. डिसेंबर १९५३ मध्ये भारत-सोव्हिएत व्यापार करार झाला. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला, दहा लाख टन क्षमतेचा. त्याच वर्षी जूनमध्ये नेहरू रशियाला गेले आणि हिवाळ्यात ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन भारतात आले. राजदूताच्या टेबलावर आता झोतभट्ट्या, कर्जाचे हप्ते, इंजिनीअरांचे प्रशिक्षण असे विषय आले. चित्रपट आणि पुस्तकांची देवाणघेवाण आली. परराष्ट्र धोरण आणि देशाचा विकास यांची सांगड घालणे हे राजदूताचे काम झाले. आज ज्याला आर्थिक राजनय म्हणतात, त्याचे हे प्राथमिक रूप.

हंगेरीच्या वेळी भारत गोत्यात का आला?

मेनन मॉस्कोसोबत हंगेरीचेही राजदूत होते. बुडापेस्टमधला रोजचा कारभार एम. ए. रहमान हे तरुण अधिकारी पाहत. ऑक्टोबर १९५६ मध्ये तिथे उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्याच दिवसांत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला होता. सुएझवर भारत कडाडून बोलला. हंगेरीवर मात्र सुरुवातीला चाचरला आणि संयुक्त राष्ट्रांत एका ठरावाच्या विरोधात मत देऊन बसला. देशात आणि बाहेर जोरदार टीका झाली.

बुडापेस्टमधून रहमान यांचे अहवाल येत राहिले. मेनन स्वतः तिथे जाऊन परिस्थिती पाहून आले. त्यानंतर दिल्लीची भाषा बदलली. हंगेरियन विचारवंत इश्तवान बिबो यांनी तडजोडीची योजना लिहिली होती. आर्पाद ग्योंत्स यांच्यामार्फत ती भारतीय दूतावासात पोहोचली आणि मेनन यांच्याकडे सुपूर्द झाली. ती सोव्हिएत नेत्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. पुढे बिबो आणि ग्योंत्स यांच्यावर खटला चालला. १९५८ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. त्यांची फाशी टळण्यामागे भारताने पडद्याआड केलेली रदबदली होती, असे मानले जाते. हेच ग्योंत्स १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

मेनन यांच्या कारकीर्दीतील कोरिया आणि हंगेरी हे प्रसंग शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. कोरियात एका माणसाची भावना देशाच्या मतात मिसळली. हंगेरीत जागेवर असलेल्या अधिकाऱ्यांनी पाहिलेले वास्तव देशाची चुकलेली भूमिका सावरायला उपयोगी पडले. दोन्हीकडे राजदूत हा केवळ निरोप्या नव्हता.

आजचे प्रशिक्षण किती वेगळे आहे?

मेनन १९६१ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी राजनयिकांचे हक्क आणि संरक्षण ठरवणारा व्हिएन्ना करार झाला. निवृत्तीनंतर ते केरळमधील ओट्टपालम येथे राहिले, लिहिते राहिले. १९७९ मध्ये त्यांना लेनिन शांतता पुरस्कार मिळाला. २२ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा, त्याच नावाचा, १९८७ ते १९८९ या काळात परराष्ट्र सचिव होता. राजीव गांधी यांचा चीन दौरा त्याच काळातला. मुलीचा मुलगा शिवशंकर मेनन २००६ ते २००९ या काळात परराष्ट्र सचिव होता. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी तडीस गेली ती त्या वर्षांत. आजोबांच्या वेळी भारत जगात आपली जागा शोधत होता, नातवाच्या वेळी जग भारतासाठी नियमाला अपवाद करत होते.

भारताची परराष्ट्र सेवा संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. २०२० मध्ये तिला सुषमा स्वराज यांचे नाव देण्यात आले. आज परराष्ट्र सेवेत आलेला अधिकारी मसुरीत इतर सेवांसोबत पायाभूत प्रशिक्षण घेतो. मग दिल्लीच्या संस्थेत आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, वाटाघाटी, शिष्टाचार असे विषय शिकतो. भारत दर्शन, लष्करासोबत मुक्काम, राज्यांमध्ये जाऊन काम हे त्याचेच भाग. पुढे एक परकीय भाषा सक्तीची. ती तो त्या भाषेच्या देशात जाऊन शिकतो आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम होत नाही. इतर देशांचे तरुण राजनयिकही आता दिल्लीत शिकायला येतात.

मेनन यांना जे नोकरीच्या ओघात मिळाले, ते आज अभ्यासक्रमात आले आहे. फरक वेळेचा आहे. त्यांचे शिक्षण वीस वर्षे सावकाश चालले आणि चुका झाल्या तरी त्या दूरच्या ठाण्यांवर दडून राहिल्या. आजच्या तरुण अधिकाऱ्याचे एक चुकलेले वाक्य काही मिनिटांत समाजमाध्यमांवर जगभर फिरते. नेते एकमेकांना थेट फोन करतात, शिखर परिषदा सतत होतात. मग राजदूत कशाला हवा, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो.

मळ्यावरची मजुरी, लवंगेचा भाव, पामीरची खिंड आणि बुडापेस्टचे रस्ते यांची माहिती फोनवरून मिळत नाही. ती तिथे राहणाऱ्याकडून, तिथली भाषा बोलणाऱ्याकडून येते आणि ती न लपवता दिल्लीला सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे लागते. भाषा, कायदा, वाटाघाटींचे तंत्र वर्गात शिकवता येते. आपली भावना आणि देशाचे हित यांतला फरक ओळखणे मात्र अनुभवी मेनन यांनाही एकदा साधले नाही. ते त्यांनी लिहून ठेवले, हेही पुढच्या पिढ्यांच्या प्रशिक्षणाचे साहित्यच आहे.